धागा : व्हीआर घालून मिग-२१ उडवायचंय, पण बातुमीचा रनवे सुटला की पोटातलं वर येतंय

यंत्रमाग२१

मंडळी, आधी थोडं पाल्हाळ, मग प्रश्न.

माझा टॉवेलचा धंदा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. दिवसभर मागांचा खडखडाट ऐकून रात्री कान असे झालेले असतात की जेट इंजिनाचा आवाज अंगाईसारखा वाटतो. चार वर्षं झाली डीसीएस, म्हणजे पीसीवरचा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर, उडवतोय. सुरुवात सगळ्यांसारखीच, फुकटातल्या सुखोई-२५टी वर. मग एका सेलमध्ये मिग-२१बिस घेतलं. डीसीएसमध्ये भारताचा नकाशाच नाही, त्यामुळं कॉकेशसचे डोंगर दिसले की त्यांना काश्मीर समजायचं आणि पुढं जायचं.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तो सोहळा कारखान्यात मोबाईलवर बघितला. १९६३ पासून आपल्याकडं असलेलं विमान. त्या रात्री डोक्यात बसलं की आता हे टीव्हीच्या काचेतून नाही, आत बसूनच उडवायचं. मेहुण्याच्या मित्राकडं क्वेस्ट २ हा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधायचा पडदा) धूळ खात पडला होता, १७ हजाराला उचलला. बाकी सामान: राइझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड (१२ जीबीवालं), ३२ जीबी रॅम, एसएसडी, आणि थ्रस्टमास्टरची टी१६०००एम स्टिक थ्रॉटलसकट. पेडल नाहीत, स्टिक पिळूनच रडर (शेपटीचं सुकाणू).

पहिल्यांदा घातला तेव्हा दोन मिनिटं मी काहीच केलं नाही. नुसता बसून राहिलो. रशियन कॉकपिटचा तो हिरवट-निळा रंग चारी बाजूंनी. खाली बघितलं तर गुडघे, पण माझे नाहीत. चार वर्षं स्क्रीनवर पॅनेलच्या मधोमध एक पांढरी उभी रेघ दिसायची, मला वाटायचं सजावट असेल. व्हीआरमध्ये ती बरोबर छातीसमोर येते. मग वाचून काढलं: विमान गिरकीत सापडलं की वैमानिकाला स्टिक मध्यावर आहे का नाही तेही उमगत नाही, तेव्हा डोळे मिटल्यासारखी त्या रेघेकडं ढकलायची. स्क्रीनवर असताना हे शोधावंसंही वाटलं नव्हतं.

इथवर स्वर्ग. पुढचं ऐका. घड्याळं वाचायला नाक पॅनेलला लावावं लागतंय, सगळं तेलकट काचेतून बघितल्यासारखं. कसंबसं उड्डाण केलं, खेळातल्या जॉर्जियातल्या बातुमी विमानतळाचा रनवे सुटला, डावीकडं वळलो, खाली काळा समुद्र बघितला आणि जेवणातली शेंगाचटणी-भाकरी परत भेटायला आली. सुदैवानं आमच्या घरी टॉवेलला तोटा नाही.

तीन रात्री हेच. बायको म्हणते, पैसे देऊन उलट्या काढणारा तुमच्यासारखा दुसरा माणूस जिल्ह्यात नसेल. तर सांगा: धूसर का दिसतंय, मळमळ थांबेल का, की देऊन टाकू कुणाला?

भाकरीबहाद्दर

शेंगाचटणी खाऊन उलटं विमान चालवालास व्हय बे? दहीभात खाऊन बस की.

सातरस्ता_रनवे

विकू नका. आधी एक फूटपट्टी घ्या आणि आरशासमोर उभे राहा.

क्वेस्ट २ ची भिंगं हातानं सरकवायची असतात, आणि ती तीनच ठिकाणी बसतात: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. दोन बाहुल्यांमधलं तुमचं अंतर मोजा आणि जवळचा खाचा निवडा. वापरलेला हेडसेट आहे म्हणताय, म्हणजे आधीच्या मालकाच्या डोळ्यांवर लावलेला असणार. शंभरातल्या नव्वद 'धूसर दिसतंय' तक्रारी इथंच मिटतात (आकडा माझ्या मनचा, पण पैज लावतो). दुसरं, या भिंगांचा मधला रुपयाएवढा भागच स्पष्ट असतो. हेडसेट गालावर टेकवून वर-खाली करा, अक्षर टोकदार दिसलं की तिथं पट्टा आवळा. पट्टा मागं डोक्याच्या उतारावर, खाली हवा. आपण लोक तो टोपीसारखा घालतो.

आता कडू भाग. इतकं करूनही तुमच्या टीव्हीइतकं स्वच्छ दिसणार नाही, आणि तो दोष तुमचा नाही. क्वेस्ट २ मध्ये एका डोळ्याला १८३२ गुणिले १९२० ठिपके आहेत. ऐकायला भरपूर, पण ते जवळजवळ १०० अंशांवर पसरलेत, म्हणजे दर अंशाला साधारण २०. निकोप डोळा दर अंशाला ६० पर्यंत ओळखतो. क्वेस्ट ३ (२०६४ गुणिले २२०८) २५ च्या आसपास जातो आणि त्याची भिंगं कडेपर्यंत स्वच्छ आहेत, पण ६० चं अंतर आहेच. त्यामुळं लांबची विमानं व्हीआरमध्ये उशिरा ओळखू येतात. झूमचं एक बटण स्टिकवर अंगठ्याखाली घेऊन ठेवा, नाहीतर मिग आहे का एफ-५ आहे हे गोळी लागल्यावर कळेल.

आणि कार्डाचं गणित. साध्या एचडी स्क्रीनला सुमारे २१ लाख ठिपके रंगवावे लागतात. तुमच्या हेडसेटला दोन्ही डोळे धरून ७० लाख, शिवाय भिंगाचा बाक सुधारायला त्याहून मोठं चित्र काढून मग आवळावं लागतं. हे सगळं ७२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ७२ चित्रं (फ्रेम) काढताना, प्रत्येकी १३.९ मिलिसेकंदांत. ३०६० ला डीसीएसमध्ये ते झेपत नाही. मग सॉफ्टवेअर निम्म्या फ्रेम खऱ्या घेतं आणि मधल्या स्वतःच्या अंदाजानं भरतं. सरळ उडताना कळत नाही, पण शेजारून विमान गेलं की त्याच्या कडा जेलीसारख्या थरथरतात. खरा त्रास कधी, तर कार्ड कधी ७२ वर, कधी ३६ वर, असं हेलकावे खातं तेव्हा. तुमची अर्धी मळमळ तिथली आहे. पक्कं ३६ ठेवा. सावल्या एकदम खाली, ढग मध्यम, पाण्याची हौस सोडा, डीएलएसएस (लहान चित्र काढून ते हुशारीनं मोठं करणारी सोय) चालू करा. ते २०२३ च्या २.९ आवृत्तीपासून डीसीएसमध्ये आहे. नव्या विमानांत डीएलएसएसमुळं डिजिटल पडद्यावरचे आकडे ओघळतात, पण मिग-२१ मध्ये तसला डिजिटल पडदाच नाही. जुन्या काट्यांचा हा एक फायदा.

यंत्रमाग२१

सातरस्ता, पाया पडतो. फूटपट्टी सापडली नाही, पोराची कंपासपेटी शाळेत. बायकोनं ब्लाउजची टेप लावली नाकावर. ६६ निघालं. आणि भिंगं होती ५८ वर! आधीच्या मालकाचा दहा वर्षांचा मुलगा वापरायचा म्हणे. ६८ ला सरकवली. वेगाच्या काट्याखालचे आकडे बसल्या जागेवरून वाचले. ओरडलोच.

मळमळ मात्र आहेच. कमी झाली, पण डावीकडं वळलो की आहेच.

कोथरूडकर

मला एक कळत नाही, हा हट्ट कशासाठी? पीसीला साधा वेबकॅम लावा, ओपनट्रॅक नावाचा फुकटचा प्रोग्राम घ्या, चेहऱ्यावरून मान किती वळली हे तो ओळखतो. पैसे असतील तर ट्रॅकआयआर घ्या. मान २० अंश वळवली की कॉकपिटात १५० अंश वळते, म्हणजे शेपटीवर कोण आहे हे खुर्चीतून न हलता दिसतं. चित्र स्वच्छ, फ्रेम दुप्पट, कीबोर्ड डोळ्यांसमोर, शेजारी चहा. ऑनलाइन लढतींत मला पाडणारे बहुतेक जण स्क्रीनवाले असतात, हे लक्षात घ्या. व्हीआरवाले निसर्ग बघताना मरतात.

आणि सोलापुरात एप्रिलमध्ये तोंडाला तो डबा बांधून बसायचं? शुभेच्छा.

सातरस्ता_रनवे

कोथरूडकर, शत्रू दिसण्याबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. पण एक गोष्ट तुमच्या वेबकॅमला जन्मात येणार नाही, ती म्हणजे जवळचं अंतर.

हवेत इंधन भरणं घ्या. टँकरच्या पाइपाला लोंबणारी ती टोपली, आणि तिच्यात आपली नळी घालायची. स्क्रीनवर मी दीड वर्ष झटलो. टोपली लहान होतेय का मोठी यावरून अंतर ताडायचं, तोवर पुढं निघून गेलेलो असायचो. व्हीआरमध्ये तिसऱ्या रात्री टोपलीत नळी बसली, कारण टोपली हाताच्या अंतरावर *आहे* हे दोन्ही डोळ्यांना दिसतं. जोडीनं उडताना शेजाऱ्याच्या पंखाचं टोक, जमीन टेकताना शेवटचे काही मीटर, टॅक्सी करताना वळण, सगळीकडं हेच. त्यापलीकडं दोन डोळ्यांचा फायदा संपतो. दोन-चार किलोमीटरवरचं विमान दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसतं, तिथं व्हीआर काही जादू करत नाही. जे लोक म्हणतात व्हीआरमुळं डॉगफाइट जिंकता येते, ते थोडं वाढवून सांगतात.

अवांतर: हा पोरांचा खेळ समजू नका. अमेरिकेच्या हवाई दलात थॉमस फर्नेस यांनी १९८२ मध्ये लढाऊ वैमानिकांसाठीच डोक्यावर घालायचं असलं यंत्र उभं केलं होतं. खेळ नंतर आले, कॉकपिट आधी होतं.

भाकरीबहाद्दर

निसर्ग बघताना मरायला पण नशीब लागतं की राव. आमच्यात डिव्हायडर बघताना मरतात.

कानघसा_सोलापूर

मी कान-नाक-घसावाला, आणि शनिवारी रात्री फाल्कन बीएमएसवाला. (१९९८ चा एफ-१६ उडवायचा जुना खेळ फाल्कन ४, त्यावर हौशी लोकांनी अजून काम चालू ठेवलंय. २०२२ पासून त्यातही व्हीआर आहे.) दोन्ही नात्यांनी बोलतो.

यंत्रमागराव, तुमच्या कानात आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, त्यांत द्रव असतो. डोकं फिरलं की द्रव मागं राहतो आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. हेडसेटमध्ये डोळे ओरडतात, 'वळलो, वळलो, साठ अंश कललो!' आणि कान म्हणतात, 'कुठं काय, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलाय.' एसटीत मोबाईल वाचताना नेमकं उलटं होतं, कान हलतात आणि डोळे स्थिर. भांडण तेच. या भांडणातून उलटी का व्हावी, यावर ट्राइसमन यांनी १९७७ मध्ये मांडलेली एक कल्पना आहे: मेंदूला वाटतं काहीतरी विषारी खाल्लंय, म्हणून तो पोट रिकामं करतो. सिद्ध झालीय असं नाही, पण शेंगाचटणीवर अन्याय झाला एवढं नक्की.

आता उपाय. सर्वांत मोठी चूक म्हणजे 'सवय होईल' म्हणून दात-ओठ खात बसणं. मेंदूला सवय लागते ती चांगल्या अनुभवाची. मळमळेपर्यंत बसलात तर त्याला मळमळण्याचीच सवय लागते, मग नुसता हेडसेटचा वास आला तरी पोट ढवळतं. उलटीच्या बरंच आधी खुणा येतात: जांभया, तोंडाला पाणी सुटणं, कपाळावर गार घाम. पहिली जांभई आली की हेडसेट काढायचा, मग मागं मिग असो की यमराज. त्या दिवशी परत घालायचा नाही. आठवडाभर रोज दहा मिनिटं, सरळ आणि उंचावर. नजर क्षितिजावर, वळताना वळणाच्या दिशेनं बघायचं, खाली समुद्राकडं नाही. विमान बाहेरून दाखवणारा कॅमेरा व्हीआरमध्ये अजिबात लावू नका. मिशन लोड होताना चित्र अडखळतं, तेव्हा डोळे मिटा. समोर टेबलफॅन ठेवा. वाऱ्यानं शरीराला समोर कुठं आहे ते कळत राहतं आणि घामही जातो. आलं-लिंबू चालेल. प्रवासाच्या गोळ्या घेऊन मात्र बसू नका, त्यांनी झोप येते आणि तुम्ही नंतर गाडी काढता.

आणि खेळून झालं की अर्धा तास दुचाकी नको. हे गमतीत नाही लिहीत. आणखी एक, कमीपणा वाटून घेऊ नका. खऱ्या विमानात हजारो तास काढलेल्या लोकांना सिम्युलेटर नवशिक्यांपेक्षा जास्त बाधतो, असं अमेरिकी नौदलाच्या जुन्या पाहण्यांत दिसलंय. त्यांच्या कानाला खरं वळण माहीत असतं, म्हणून खोटं लगेच पकडलं जातं.

नवखा_पंढरपूर

धाग्यात घुसतोय, माफ करा. एचपीचा रिव्हर्ब जी२ हेडसेट स्वस्तात मिळतोय, २१६० गुणिले २१६० आहे, क्वेस्ट २ पेक्षा भारी. घेऊ का?

सातरस्ता_रनवे

थांबा! तो विंडोज मिक्स्ड रिॲलिटीवर चालतो आणि मायक्रोसॉफ्टनं ती विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून काढून टाकलीय. म्हणूनच स्वस्त आहे. २०२५ मध्ये ओएसिस नावाचा एक फुकट ड्रायव्हर आला, त्यानं हे हेडसेट परत जिवंत होतात, पण कार्ड एनव्हिडियाचं लागतं. तुमच्याकडं ते असेल आणि खटपटीची हौस असेल तरच. नसेल तर विठ्ठलाचं नाव घेऊन पुढं चला.

जुळेसोलापूरची

सगळे फ्रेम आणि ठिपके मोजताय, सोलापूरचं कुणीच बोलत नाहीये. मी बोलते, माझी ठेच आहे.

मागच्या मे महिन्यात हेडसेट खेळून झाल्यावर खिडकीतल्या टेबलावर ठेवला. भिंगं वर करून, कारण फोमला घाम होता, सुकेल म्हटलं. पश्चिमेची खिडकी. मी स्वयंपाकघरात गेले, पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. ऊन सरकत सरकत टेबलावर आलं. लहानपणी भिंगानं कागद जाळायचो ना? तेच. ही भिंगं दोन्ही बाजूंनी भिंगंच असतात. आतून डोळ्याला चित्र मोठं करून दाखवतात, आणि बाहेरून ऊन आलं की ते पडद्यावर एका ठिपक्यात गोळा करतात. संध्याकाळी घातला तर उजव्या डोळ्यात, बरोबर मध्याच्या थोडं वर, बाजरीच्या दाण्याएवढा पिवळट डाग, आणि त्यातून निघालेली एक बारीक तिरकी रेघ. आता माझ्या प्रत्येक आकाशात एक विमान कायम उभं असतं. दुरुस्तीवाल्यानं बघितलं आणि 'ताई, ऊन वॉरंटीत येत नाही' म्हणून परत दिला. त्याची चूक नाही, माझीच.

तेव्हा दादा, हेडसेट काढला की लगेच भिंगांवर कापड, आणि कपाटात. आपल्याकडं ४३-४४ पर्यंत पारा जातो, बंद गाडीतही ठेवायचा नाही. घामासाठी फोमवर सिलिकॉनचं कव्हर लावा, ते धुता येतं. भिंगं चष्म्याच्या मऊ कापडानं कोरडीच पुसायची. स्पिरिट नको, आणि तुमचे टॉवेल तर बिलकुल नकोत, खरचटतील. (रागावू नका, अंगाला उत्तमच आहेत. आमच्याकडं डझनभर आहेत.)

मी डीसीएस नाही, व्हीटीओएल व्हीआर उडवते. २०१७ चा आहे, व्हीआरसाठीच बनवलेला. त्यात स्टिक, थ्रॉटल काही विकत घ्यावं लागत नाही, हेडसेटबरोबरच्या दोन कंट्रोलरनीच कॉकपिटातलं प्रत्येक बटण पकडायचं, फिरवायचं. साधा पीसी चालतो. विमानं खरी नाहीत, पण रडार, लक्ष्य धरणं, इंधन भरणं सगळं शिकायला होतं. फक्त आजूबाजूला जागा हवी. मी चाकं खाली घ्यायला हात पुढं केला आणि तो सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीला लागला. चाकं खाली आली, बरणीही.

कोथरूडकर

उन्हाचं माहीत नव्हतं. धन्यवाद. माझ्या वेबकॅमला खिडकीचा त्रास नाही, एवढंच नम्रपणे नोंदवतो.

भाकरीबहाद्दर

लाइट जातीय त्याचं काय? परवा शेवटच्या वळणावर होतो, चाकं खाली, फ्लॅप खाली, आणि आमच्या गल्लीतली लाइट गेली. एवढा अंधार मी आयुष्यात बघितला नव्हता. अर्धा मिनिट कळंना मी मेलो का डीपी उडाला.

सातरस्ता_रनवे

यूपीएस घ्या भाऊ. खेळ पुरा करायला नाही, पीसी नीट बंद करण्यापुरता.

बार्शीचा_एअरमन

मुलांनो, नातवानं हा धागा दाखवला. मी हवाई दलात तांत्रिक शाखेत होतो, आणि त्यातली बरीच वर्षं मिग-२१ वर गेली. उडवलं कधीच नाही. वैमानिकाला बसवायचं, पाठवायचं आणि परत यायची वाट बघायची, हे आमचं काम.

तुम्ही मानेबद्दल लिहिलंय म्हणून सांगतो. तुमचा तो डबा अर्ध्या किलोचा असेल. विमानानं ६ जी खेचले की अर्ध्या किलोचे ३ किलो होतात, आणि डोकं, हेल्मेट, मुखवटा सगळंच सहापट. अशा वेळी मान वळवून शेपटीकडं बघणं म्हणजे काय, ते उतरल्यावर वैमानिकांच्या चेहऱ्यावर दिसायचं. मिग-२१ मधून मागचं तसंही फारसं दिसत नाही, म्हणून कॅनॉपीवर (वैमानिकाच्या डोक्यावरची काच) एक छोटा पेरिस्कोप असायचा. तुमच्या खेळात तो आहे का बघा. आणि उन्हाळ्यात धावपट्टीवर उभ्या विमानाच्या शिडीला उघडा हात लावता येत नसे. त्यामुळं टेबलफॅन लावून उडवणाऱ्यांबद्दल मला आदर कमी आणि हेवा जास्त वाटतो.

चटणी खाऊन बसू नये, हे मात्र खरं.

यंत्रमाग२१

काका, पेरिस्कोप आहे! इतके दिवस वर बघितलंच नव्हतं. डोकं मागं टेकवून वर नजर टाकली की त्यात शेपटी दिसते.

तुम्ही गड्ड्याला सोलापूरला येता का? आलात तर घरी या. हेडसेट तुमच्या डोळ्यांना लावून ठेवतो.

यंत्रमाग२१

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतोय.

आधी माझं. डॉक्टरांचं ऐकलं. रोज दहा मिनिटं, पंखा समोर, जांभई आली की बंद. नवव्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण चक्कर मारून बातुमीला उतरलो. मिग-२१ ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जमिनीला टेकतं, स्क्रीनवर मी ते नेहमी दणकन आदळायचो. या वेळी रनवे वर येताना *दिसला*. सातरस्ता म्हणाला होता तसंच, शेवटचे काही मीटर. आता मी चाळीस मिनिटं बसतो. ऑनलाइन लढतीत अजून मीच पडतो, कोथरूडकर बरोबर आहेत.

आता काकांचं. गड्डा यात्रेला आले होते, नंदीध्वज बघून दुपारी घरी आले, बरोबर नातू. चहा झाला. खुर्चीत बसवलं, हेडसेट लावला, त्यांचं अंतर ६२ होतं म्हणून भिंगं ६३ वर. मिग उभं करून ठेवलं होतं, इंजिन बंद. मला वाटलं ते भराभरा बटणं ओळखतील. तसं काही झालं नाही. त्यांनी स्टिकला हातसुद्धा लावला नाही. आधी उजवीकडं बघितलं, बॅटरीच्या बटणांच्या रांगेकडं, मान हलवली. मग डावीकडं वळले आणि खुर्चीच्या हातावरून वाकून खाली बघायला लागले. बराच वेळ. मला वाटलं चक्कर आली, मी टॉवेल घेऊन पुढं झालो.

'इथं कुणी नाही,' म्हणाले.

मी म्हटलं, काका, कोण हवंय? तर म्हणाले, 'शिडी डाव्या अंगाला लागते. कॅनॉपी उजवीकडं उघडते ना, म्हणून. मी इथं उभा असायचो. माणूस उभा असल्याशिवाय इंजिन लावायचं नसतं.' मी सांगायला गेलो की डीसीएसमध्ये जमिनीवरच्या पथकाचा नुसता आवाज येतो, मेनूतून बोलवायचं असतं. त्यांना ते पटलं नाही. इंजिन लावू दिलं नाही म्हणजे नाहीच. दहा मिनिटं बंद विमानात बसले, हेडसेट काढला, नातवाला म्हणाले, 'रंग बरोबर आहे.' आणि चहाचा दुसरा कप मागितला.

रात्री मिशन एडिटर (खेळातला प्रसंग स्वतः रचायची सोय) उघडला आणि विमानाच्या डाव्या बाजूला, नाकाच्या थोडं मागं, एक माणूस उभा केला. तंत्रज्ञ म्हणावा असा कुणी मला यादीत सापडला नाही, म्हणून रायफलवाला साधा सैनिकच ठेवलाय. हलत नाही, बोलत नाही. पण इंजिन लावायच्या आधी मी आता वाकून त्याच्याकडं बघतो.

भाकरीबहाद्दर

उन्हात उभा केलायस त्याला. एक टॉवेल तरी दे की बे.